कोयरीच्या शेपटीचं विमान

जरा माझ्याबरोबर कल्पना करा बघू. तुमचं वय अकरा. (खरंच अकरा असेल तर काम सोपं, नसेल तर पोट आत घ्या आणि प्रयत्न करा.) तुमच्यासमोर दुकानाच्या काउंटरवर दोन विमानं आहेत, रिमोटवर खरीखुरी उडणारी. पहिलं राखाडी, टोकदार नाकाचं. पंखांखाली खोटी क्षेपणास्त्रं, काचेआड हेल्मेट घातलेला अंगठ्याएवढा वैमानिक, आणि शेपटीवर दात विचकणारा वाघ. दुसरं पांढरं. पंख डोक्यावर छत्रीसारखे ठेवलेले, नाक वांग्यासारखं, आणि प्रोपेलर पाठीवर, पंखांच्या मागे, जणू लावायचा राहिला म्हणून नंतर कुणीतरी खोचून दिला. चाकंसुद्धा नाहीत.

कुठलं उचलाल?

सांगू नका, कळलं. मीही पहिल्या वेळी तेच उचललं होतं. ते हवेत अकरा सेकंद टिकलं.

आमच्या पूर्णीनंही आधी वाघालाच हात घातला.

पूर्णी म्हणजे अन्नपूर्णा, इयत्ता सहावी, राहणार सरस्वतीपुरम. नाव पणजीचं. नावात पूर्ण असलं तरी पोरीनं आजवर एकही गोष्ट पूर्ण केलेली नाही, असं तिचे पप्पा मोहनराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. पुरावा घरातल्या माळ्यावर होता: एक चाक गेलेले स्केट्स, तीन तारांची गिटार, कराटेचा पांढरा पट्टा आणि भरतनाट्यमचे घुंगरू, ज्यांतले निम्मे शेजारच्या मांजराच्या गळ्यात गेले होते. मोहनराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्यांच्या टेबलावरून अर्धवट भरलेला अर्ज कधी पुढं गेला नव्हता, आणि देवानं त्यांच्याच घरात हा अर्धवट भरलेला अर्ज पाठवला होता.

मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो होतो. सगळे मला मेष्ट्रु म्हणतात. म्हैसुरात मास्तर निवृत्त होतो, मेष्ट्रु होत नाही. रविवारी सकाळी बोगादीच्या पलीकडे, जिथं अजून प्लॉट पडले नव्हते, तिथल्या मोकळ्या मैदानात मी दोन-चार पोरांना विमानं उडवायला शिकवायचो. पूर्णी तीन रविवार एका दगडावर बसून नुसतं बघत होती. चौथ्या रविवारी तिनं विचारलं, "मेष्ट्रु, वळताना तुम्ही रिमोटची काठी हळूच मागं ओढता. का?"

पाच महिने शिकणाऱ्या पोरांनी हा प्रश्न मला विचारला नव्हता.

तिनं घरी विमान मागितलं. घरात अर्थातच माळ्याकडे बोट दाखवलं गेलं. रडणं झालं, जेवणावरचा बहिष्कार झाला (दुपारपर्यंतच, संध्याकाळी डोसे होते), आणि शेवटी मोहनरावांनी शर्त घातली.

"विमान घेऊन देतो. दसऱ्याची सुट्टी संपायच्या आत त्यानं एक पुरी फेरी मारायची आणि अख्खं खाली उतरायचं. नाही तर ते माळ्यावर, आणि तू अबॅकसला. दर रविवारी, सकाळी सातला."

"दर रविवारी?"

"दहावीपर्यंत."

म्हणजे बघा, प्रश्न एका विमानाचा नव्हता. चार वर्षांच्या रविवारांचा होता. म्हणून विमान निवडताना चुकून चालणार नव्हतं.

निवडायला आम्ही चौघं अग्रहार भागातल्या चिदंबरच्या दुकानात गेलो. चिदंबर क्रिकेटच्या बॅटी आणि कॅरम विकायचा आणि हौशी लोकांसाठी बेंगळूरहून विमानं आणायचा. मी, पूर्णी, मोहनराव, आणि चौथे भुजंगमामा, पूर्णीच्या आईचे भाऊ. ते आयुष्यात एकदा विमानात बसले होते, तेही खिडकीशेजारी. तेव्हापासून घरात विमानांबद्दलचा शेवटचा शब्द त्यांचा.

"हेच!" भुजंगमामांनी राखाडी विमान उचललं. "नोड, बघ, कसं वाघासारखं आहे!"

"वाघ काढलाय त्याच्यावर," मी म्हणालो.

"मेष्ट्रु, तुम्ही गप्प बसा. पोरीला चार लोकांत अभिमान वाटायला नको? आणि ते दुसरं, अय्यो, ते विमान आहे की बदक?"

"पांढरं कोणी घेत नाही सर," चिदंबर म्हणाला. "मेष्ट्रु घ्यायला लावतात तेवढंच खपतं."

हे खोटं होतं. मी मुलांसाठी विमान कधी निवडत नाही. माझ्या पसंतीचं विमान पडलं की मूल म्हणतं, मेष्ट्रुंनी पाडलं. स्वतःच्या पसंतीचं पडलं की निदान दोन मिनिटं विचार करतं. मी पूर्णीच्या कानात एवढंच सांगितलं, "विमान दिसतं कसं ते मामांना विचार. पडतं कसं ते चिदंबरला विचार."

पूर्णीनं वाघावरचा हात काढला. "हे पडलं तर काय मोडतं?"

लग्नाच्या बोलणीत कुणी तेराव्याचा स्वयंपाक काढावा तसा चिदंबरचा चेहरा झाला. "नीट उडवलं तर पडत नाही."

"मी नीट नाही उडवणार. मला येत नाही."

इतकं खरं बोलणाऱ्या गिऱ्हाइकाची त्याला सवय नव्हती. तो खाकरला. "मग... नाक मोडतं. नाकावरचा प्रोपेलर मोडतो. मोटरचा दांडा वाकतो. नवा यायला तीन आठवडे."

"आणि ह्याचं?"

"ह्याचा प्रोपेलर पाठीवर. जमिनीला लागतच नाही. नाक दबतं, पण हा फोम असा आहे की गरम पाण्यात बुडवला की फुगून येतो. इडलीसारखा. तुटला तर चिकटवायचा."

पूर्णी माझ्याकडे वळली. "आणि मी घाबरून दोन्ही काठ्या सोडल्या तर?"

मी पांढरं विमान समोरून धरून दाखवलं. त्याचे पंख सरळ नव्हते; दोन्हीकडे थोडे वर उचललेले होते. "तुझे हात असे तिरके वर पसर. आता डावीकडे कल. कुठला हात आडवा झाला?"

"डावा."

"आडवा पंख हवेवर जास्त रेलतो, म्हणून तीच बाजू परत वर उचलली जाते. विमान आपलं आपणच सरळ होतं. त्या वाघाचे पंख सरळ आहेत. तो झुकला की झुकूनच राहणार. सरळ करायचं काम तुझं, आणि लगेच."

मागे धडधड आवाज झाला. मोहनरावांनीही हात पसरून कलून पाहिलं होतं आणि चार बॅटी खाली आल्या होत्या.

पूर्णीनं काचेआडच्या छोट्या वैमानिकाकडे एकदा शेवटचं पाहिलं. मग म्हणाली, "बदक द्या."

"हिला मामाची जरा तरी लाज आहे का!" भुजंगमामा म्हणाले.

पैसे देऊन झाल्यावर मी तिला आणखी एक गोष्ट दाखवली. पांढऱ्या विमानाच्या पंखांखाली दोन बारीक उंचवटे होते, पुळ्यांसारखे. "बॅटरी आत बसवायची आणि दोन बोटं ह्या पुळ्यांवर टेकवून विमान उचलायचं. आडवं राहिलं, नाक जरासं झुकलं, की तोल बरोबर." तिनं उचललं. विमान शहाण्यासारखं आडवं राहिलं. घरी जाताना रिक्षात ती तेच करत बसली होती, आणि प्रत्येक गतिरोधकाला विमान भुजंगमामांच्या कानात जात होतं.

पुढचे दोन दिवस विमान बाहेर काढायला बंदी होती. नवं वाहन आयुधपूजेआधी चालवायचं नाही, आणि हे वाहन आहे असा घरात निकाल झाला होता. मग आम्ही विमानाशिवाय सराव केला. मी विमान झालो. हात पसरून सरस्वतीपुरमच्या गल्लीत चालू लागलो आणि पूर्णी बंद रिमोट घेऊन मला वळवू लागली. मी तिच्यापासून लांब जात होतो तोवर सगळं ठीक. परत तिच्याकडे तोंड करून येऊ लागलो की तिची उजवी बाजू माझी डावी व्हायची. तिनं मला एकदा गुलमोहरावर घातलं, एकदा दूधवाल्याच्या सायकलवर आणि दोनदा एका निवृत्त न्यायाधीशांच्या फाटकावर. तिसऱ्यांदा न्यायाधीशांनी फाटक स्वतःच उघडून धरलं.

आयुधपूजेच्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो. हॉलमध्ये पाटावर सगळी आयुधं मांडली होती: मिक्सर, लॅपटॉप, मोहनरावांनी कचेरीतून मुद्दाम आणलेला स्टेपलर, आणि लाकडी ठसे. ठसे पूर्णीच्या अज्जांचे, म्हणजे आजोबांचे, गुंडुरावांचे. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगवायचा आणि छापायचा धंदा. आता धंदा नाही. तीस वर्षांत त्यांनी एकही लुगडं छापलं नव्हतं. ठसे वर्षातून एकदा ट्रंकेतून निघत, कुंकू लावून घेत आणि परत ट्रंकेत जात.

विमान पाटावर ठेवल्यावर पहिला वाद लिंबावरून झाला. पूजेनंतर वाहनाच्या चाकाखाली लिंबू ठेवून चिरडायचं असतं. ह्या वाहनाला चाकंच नव्हती.

"चाक नाही म्हणजे वाहन नाही," मोहनराव म्हणाले. "मग पूजा कशाची?"

"होडीला कुठं चाक असतं?" पूर्णीची आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मग होडी कशानं लिंबू चिरडते?"

शेवटी भुजंगमामांनी विमानाच्या वतीनं आपल्या स्कूटरनं लिंबू चिरडलं, आणि देवानं ते चालवून घेतलं असं मानण्यात आलं.

मग गुंडुरावांनी चष्मा लावला आणि विमानाकडे पाहिलं. "हे पांढरंच ठेवणार?"

"असंच असतं ते अज्जा," पूर्णी म्हणाली.

"रंगाऱ्याच्या घरात पांढरं येतं ग. पांढरं जात नाही."

त्यांनी एक डबा मागवला. कापडावर छापायचा लाल रंग, डिंकात घोटलेला, लापशीसारखा घट्ट. कोयरीचा ठसा त्यात बुडवून पंखावर टेकवून पाहिला, पण पंखाला बाक होता, ठसा बसेना. शेपूट मात्र सपाट होती, उभीही आणि आडवीही. त्यांचा हात एरवी चहाचा कपसुद्धा सांडायचा. ठसा शेपटीवर टेकला तेव्हा तो हलला नाही. एक कोयरी, तिला लागून दुसरी, पाठीमागून तिसरी. "एका हातात कोयरी भरत नाही," म्हणत त्यांनी वाळवून दुसरा हात दिला, मग तिसरा. वरून गंध, कुंकू आणि अक्षता. शेपूट अशी दिसू लागली की लग्नाच्या शालूनं मत्सर करावा. गुंडुराव ती आरशासारखी डोळ्यांसमोर धरून बराच वेळ बसले.

आता खरं सांगतो. मी तिथंच होतो. आयुष्यभर पोरांना तराजूचे दांडे शिकवलेला माणूस. मी ती शेपूट पाहिली आणि काय म्हणालो? "वा!" म्हणालो. समोर पानात ओब्बट्टु होता, म्हणजे तुमची पुरणपोळी, आणि त्यावर तूप होतं. तूप वितळलेलं असताना विज्ञान सुचत नाही.

रविवार उजाडला. दसऱ्याची मिरवणूक आदल्या दिवशी झाली होती. अर्धं म्हैसूर उन्हानं भाजून झोपलं होतं. सोमवारपासून शाळा होती. म्हणजे पूर्णीकडे हाच एक दिवस. मैदानावर मी, पूर्णी, इस्त्रीचा शर्ट घातलेले मोहनराव, फ्लास्कमधून कॉफी घेऊन आलेले भुजंगमामा आणि घडीच्या खुर्चीवर छत्री उघडून बसलेले गुंडुराव.

मी विमान हातात धरलं. पूर्णीनं मोटर चालू केली. मी पुढं पळून ते फेकलं.

बदकानं नाक वर केलं. आणखी वर केलं. मग घरी काहीतरी विसरल्यासारखं हवेतच थांबलं, शेपटीवर बसलं आणि नाकावर आपटलं. सगळा प्रवास माझ्या पावलांनी दहा पावलांचा.

मग भुजंगमामा बोलले.

"आपलं यान अकरा दिवसांपूर्वी मंगळावर पोचलं मेष्ट्रु! आणि तुमचं बदक बोगादीचं मैदान ओलांडेना!"

मोहनरावांनी घड्याळ पाहिलं. "आय्तु. झालं. चला."

पूर्णीनं विमान उचललं. नाक चेपलं होतं. ओठ घट्ट मिटून ती पप्पांसमोर उभी राहिली. "फेरी मारून अख्खं उतरायचं, असं ठरलं होतं."

"हं."

"फेरी सुरूच झाली नाही. मग शर्त कशी संपली?"

हरकत नियमात बसत होती. हेडक्लार्क माणूस स्वतःच्या मुलीचं ऐकणार नाही, पण नियमात बसणारी हरकत फेटाळणार नाही. "बरं. अजून एक खेप. शेवटची."

मला कारण कळलं होतं. विमान आपटलं त्याच क्षणी कळलं, आणि ओब्बट्टुही आठवला. मी गप्प राहिलो. शिकवण्याच्या धंद्यातलं सगळ्यांत अवघड काम हेच आहे. त्या दिवशी मात्र गप्प बसण्यात थोडी लाजही होती, हे कबूल करतो.

पूर्णीनं आधी नाकाकडे पाहिलं. गरम पाणी नव्हतं. तिनं भुजंगमामांच्या हातातला फ्लास्क घेतला, झाकणात वाफाळती कॉफी ओतली आणि बदकाचं नाक तीत बुडवलं.

"अय्यो, डिकॉक्शन! माझं डिकॉक्शन!"

नाक बरंचसं फुगून आलं, तपकिरी होऊन. तिनं ते फ्रॉकला पुसलं, बॅटरी बसवली, दोन बोटं पुळ्यांवर टेकवली आणि विमान उचललं.

शेपूट खाली गेली.

तिनं परत उचललं. परत गेली. तिनं वळून शेपटीकडे पाहिलं. तीन हातांचा डिंक, दोन्ही बाजूंनी, वर अक्षता. मग माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

तिनं माझ्या पेटीतून कटर काढला. रंग खरवडायला पाच मिनिटं लागली असती. पातं पहिल्या कोयरीच्या टोकाला टेकलं. दहा पावलांवर गुंडुराव छत्रीखाली बसले होते, मान थोडी पुढं काढून. ते विमान बघत नव्हते, त्यांना विमानातलं काही कळतही नव्हतं. ते शेपूट बघत होते.

"काय झालं ग?" त्यांनी विचारलं.

"काही नाही अज्जा."

पूर्णीनं पातं आत घेतलं आणि कटर पेटीत टाकला. मग बॅटरी नाकात जेवढी पुढं जाईल तेवढी ढकलली. उचलून पाहिलं. शेपूट अजून झुकत होती, पण कमी. नाकात थोडी जागा उरली होती. तिनं भोवती नजर फिरवली. दगड मोठे होते, माती सांडली असती. तेवढ्यात गुंडुरावांनी पान लावायला चंची उघडली.

ती धावत गेली. "अज्जा, सुपारी द्या. अख्खी."

"लहान पोरींनी सुपारी खायची नाही."

"मला नको. विमानाला."

गुंडुराव थांबले. "कशाला?"

"नाक हलकं झालंय."

"नाक हलकं झालंय," त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, "की शेपूट जड झालीय?"

"नाकच," पूर्णी म्हणाली. "कॉफीत बुडवल्यामुळं."

भुजंगमामा काहीतरी बोलणार होते. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

गुंडुरावांनी एक सुपारी दिली. ती नाकात गेली. दुसरी गेली. तिसरीला शेपूट जराशी वर आली. चौथीला विमान तिच्या दोन बोटांवर आडवं झालं, नाक किंचित खाली. कागदाचा बोळा कोंबून तिनं सुपाऱ्या पक्क्या केल्या. तेव्हा कुठं मी तोंड उघडलं. "आता ते जड झालंय. जोरात फेकावं लागेल. आणि उतरतानाही जोरात येईल."

"फेका," ती म्हणाली.

मी जोरात फेकलं. इतकं की पुढचे चार दिवस खांदा शेकत होतो.

बदक उडालं. आधी जमिनीला घासून, मग पोट सुटलेल्या माणसानं जिना चढावा तसं, आणि मग खरोखर. ते लांब गेलं, बाभळींच्या वर गेलं. पूर्णीनं ते डावीकडे वळवलं, काठी हळूच मागं ओढली, आणि ते वळलं. अर्धी फेरी झाली. आता ते तोंड आमच्याकडे करून येऊ लागलं.

"उजवीकडे!" मोहनराव ओरडले.

"कुणाच्या उजवीकडे?" भुजंगमामा ओरडले.

पूर्णी गोंधळली. तिनं काठी दाबली, विमान भलतीकडे झुकलं, तिनं आणखी दाबली, ते आणखी झुकलं. एक पंख जमिनीकडे, एक आभाळाकडे, आणि समोर विजेचा खांब. मी "सोड" म्हणायला तोंड उघडलं. त्याआधीच तिनं दोन्ही अंगठे काठ्यांवरून उचलून हवेत धरले होते, चटका बसल्यासारखे.

एक क्षण काहीच झालं नाही. मग खालचा पंख सावकाश वर आला. कुणी न सांगता बदक सरळ झालं, खांबाच्या डावीकडून निघालं आणि थेट भुजंगमामांवर आलं. मामा पालथे पडले. ते त्यांच्यावरून गेलं, पूर्णीनं अंगठे परत काठ्यांवर ठेवले, आणि ते तिच्या मागून वळून निघालं होतं तिथं येऊन पोचलं.

"फेरी!" पूर्णी किंचाळली. "पप्पा, फेरी!"

उतरताना मात्र ते जोरातच आलं. शेताच्या बांधाला त्याचा डावा पंख धडकला आणि कट्‌ असा आवाज झाला.

आम्ही धावलो. मोहनरावांनी विमान उचलून सगळीकडून पाहिलं. शेपूट अख्खी होती, कोयऱ्या जिथल्या तिथं. नाक अख्खं. डावा पंख मधोमध तडकला होता. दोन तुकडे एका पापुद्र्यानं लोंबत होते.

"अख्खं उतरायचं ठरलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. बोलून त्यांनाच बरं वाटलं नाही असं दिसलं, पण शब्द बाहेर पडला होता.

"मोहनराव, फेरी माझ्या डोक्यावरून गेलीय!" भुजंगमामा अंगावरची माती झटकत आले. "मी साक्षीदार आहे! हवं तर शर्ट बघा!"

"फेरी झाली हो. पण पंख..."

पूर्णी दोघांचंही ऐकत नव्हती. ती मांडी घालून बांधावर बसली होती. माझ्या पेटीतली गोंदाची नळी तिनं दातांनी उघडली, तडकलेल्या कडांवर गोंद लावला आणि दोन्ही भाग जुळवले.

"पप्पा, इथं बोट ठेवा."

"मी?"

"दाबून ठेवा. मला टेप फाडायचीय."

मोहनराव इस्त्रीच्या शर्टात उकिडवे बसले आणि त्यांनी बोट ठेवलं. तिनं पंखाला टेप गुंडाळली, कडा नखानं दाबल्या, दुसऱ्या बाजूनं परत गुंडाळली. ह्या सगळ्यात एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

"हे वाळायला किती वेळ लागतो?" मोहनरावांनी विचारलं.

"दहा मिनिटं," मी म्हणालो.

पाच मिनिटांनी ते म्हणाले, "पूर्णी, बोट निघत नाहीये."

"ओढू नका! पंख निघेल."

"अग पण माझं बोट..."

"बोटाला काही होत नाही हो," गुंडुराव खुर्ची उचलून जवळ आले. "माझे हात चाळीस वर्षं डिंकातच होते."

मोहनराव तसेच बसून राहिले. ऊन चढलं होतं. थोड्या वेळानं त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "मेष्ट्रु, तुम्ही रविवारी किती वाजता येता इथं?"

"सहाला."

"सहाला." त्यांनी त्यावर विचार केला. "अबॅकसचा अर्ज मी कालच भरून ठेवलाय. नुसती सही राहिलीय."

"मग?"

त्यांनी पंखाला चिकटलेल्या बोटाकडे पाहिलं. "सही करायचा हात हाच आहे," ते म्हणाले. आणि तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच एक अपुरा अर्ज त्यांनी अपुराच राहू दिला.

पूर्णीनं ते ऐकलं की नाही, देव जाणे. तिनं पप्पांच्या खिशातलं बॉलपेन न विचारता काढलं, विमानाचं पोट उघडलं आणि बॅटरी जिथं बसली होती तिथं आतल्या बाजूला एक रेघ मारली. मग पेनाचं टोक झटकून रेघेशेजारी लिहिलं: सुपाऱ्या ४.